लहान मुलांना घेऊन भंडारदऱ्याला तंबूत दोन रात्री: तयारीपासून परतीपर्यंत

भंडारदऱ्याला आम्ही पहिल्यांदा तंबू घेऊन गेलो तेव्हा पुण्यातून निघायलाच अकरा वाजले. वाटेत जेवण, चंदनापुरी घाटात धाकट्याची उलटी, मग त्याची आंघोळ म्हणावी इतकी साफसफाई. धरणाकाठच्या शेंडी गावात शिरलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. गाडीच्या दिव्यांच्या उजेडात तंबू लावला. जमीन सपाट वाटली होती, पण मध्यरात्री जाग आली तेव्हा दोन्ही मुलं घरंगळत तंबूच्या खालच्या कडेला जाऊन कापडाला चिकटली होती आणि कापड दवाने ओलं होतं. धाकटा साडेतीन वर्षांचा होता, थोरली सात. उरलेली रात्र चौघांनी गाडीत काढली.

तेव्हापासून आमचं ठरलंय की दुपारी तीनच्या आत जागेवर पोचायचं. डिसेंबरात संध्याकाळी सहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणजे उजेडाचे तीन तास हातात राहतात. एक तंबूसाठी, एक मुलांनी मोकळं धावण्यासाठी आणि एक जेवणासाठी. लहान मुलांबरोबरची डोंगरातली सहल जमते किंवा बिघडते ती या तीन तासांत. म्हणून सगळं नियोजन तिथून मागे मागे करत यायचं.

कधी आणि किती दिवस

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ मुलांसाठी सर्वांत चांगला. पाऊस सरलेला असतो, जलाशय भरलेला असतो, भाताची कापणी उरकलेली असते आणि खाचरं कोरडी झालेली असतात. थंडी मात्र खरी असते. भंडारदरा समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे आणि पाण्याकाठी पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो.

मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला इथे काजवे पाहायला लोटच्या लोट येतात. झाडंच्या झाडं लुकलुकतात, ते दृश्य विसरता येत नाही. पण रात्री अरुंद रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात आणि वळवाचा पाऊस कधीही कोसळतो. सहा वर्षांखालचं मूल असेल तर त्या दिवसांत तंबू नकोच. काजवे पाहायचेच असतील तर पक्क्या छताखाली खोली घ्या.

दोन रात्री राहा आणि दोन्ही एकाच जागी. एका रात्रीसाठी गेलं की तंबू लावणं आणि काढणं यातच दिवस जातो. मुलांनाही नव्या जागेची भीती जायला पहिली रात्र लागते, दुसऱ्या दिवशी ती खरी रमतात. आणि शक्य असेल तर शनिवार टाळा. शनिवारी रात्री जलाशयाकाठी ध्वनिक्षेपक लावून जागणारे गट असतात. आम्ही रविवारी दुपारी पोचून मंगळवारी निघतो. शाळेचे दोन दिवस बुडतात ते बुडोत.

गच्चीवरची रंगीत तालीम

नवा तंबू थेट डोंगरात उघडू नका. आदल्या आठवड्यात गच्चीवर किंवा सोसायटीच्या अंगणात लावा आणि एक रात्र मुलांना घेऊन त्यात झोपा. कोणती दांडी कुठे जाते हे तुमच्या हातांना कळतं, खुंट्या कमी असतील तर तेव्हाच लक्षात येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलांना तंबू ओळखीचा होतो. चेनचा आवाज, कापडाची फडफड, अंधारात आईबाबा कुठल्या बाजूला आहेत, हे सगळं आधीच माहीत असलं की डोंगरात रडू येत नाही. आमच्या धाकट्याला तंबूच्या छतावर पडणाऱ्या सावल्यांची भीती वाटायची. गच्चीवर त्याच्या हातात छोटी बॅटरी दिली आणि सावल्या स्वतःच करायला लावल्या. तेव्हापासून तो खेळच झाला.

जागा ठरवताना फोनवर काय विचाराल

जलाशयाच्या कडेने बऱ्याच गावांत स्थानिक लोक आपल्या शेतात तंबूची सोय करतात. हा महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा मुलूख. घरचं जेवण मिळतं, शिवाय हाकेच्या अंतरावर माणूस असतं, जे मुलांबरोबर असताना फार मोलाचं आहे. आडरानात, एकट्याने तंबू ठोकण्याचं धाडस मुलं मोठी होईपर्यंत राहू द्या. आजूबाजूचं बरंचसं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, तिथे वनखात्याचे नियम पाळावे लागतात.

फोनवर आधी संडासाचं विचारा. किती कुटुंबांत एक, रात्री दिवा असतो का, तंबूपासून किती पावलं. मग पाण्याची कड किती लांब आहे ते विचारा. फोटोत पाण्याला लागून असलेला तंबू सुंदर दिसतो, पण चालतं-पळतं मूल असेल तर मला किमान शंभर पावलांचं अंतर आणि मध्ये एखादा बांध हवा असतो. गाडी तंबूजवळ येते का? याचं उत्तर ‘हो’ असायलाच हवं. मुलं आजारी पडली, वादळ आलं, झोप लागेना, तर गाडी हेच तुमचं दुसरं घर. शेवटी, मोठ्याने गाणी लावायला परवानगी आहे का, हे स्पष्ट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा बघा.

गाडी, घाट आणि उलटी

पुण्याहून चाकण, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, तिथून अकोले, राजूर आणि शेंडी असा साधारण पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटरचा रस्ता आहे. मुलांसह सहा तास धरा. मुंबईकरांनी कसारा घाट चढून इगतपुरी, मग घोटीहून आत वळायचं. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव त्याच रस्त्यावर लागतं. पेट्रोल संगमनेर किंवा घोटीला भरून घ्या.

आम्ही पहाटे साडेपाचला निघतो. मुलांना झोपेतच उचलून गाडीत ठेवायचं आणि मंचरच्या पुढे उजाडल्यावर जागं करायचं. अर्धा रस्ता तसाच सरतो.

मूल मांडीवर घेऊन बसू नका, घाटात तर नाहीच. अचानक ब्रेक लागला तर कुठल्याही आईच्या हातांत तेवढी ताकद नसते. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, आसन नीट बांधलेलं मूल उंचावर बसतं, त्याला खिडकीबाहेर दिसतं आणि म्हणून उलटीही कमी होते. गाडी लागते ती डोळे आणि कान मेंदूला वेगवेगळं सांगतात म्हणून. मोबाईलकडे बघणाऱ्या मुलाचे डोळे ‘आपण स्थिर आहोत’ म्हणतात आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र ‘वळतोय, वळतोय’ म्हणतं. घाट लागण्याआधी अर्धा तास मोबाईल आणि चित्रांची पुस्तकं बंद. लांबचा डोंगर बघायला लावा, काच थोडी खाली करा. निघताना पोटात थोडं काहीतरी असू द्या, पण दूध नको. भाजलेली पोळी किंवा साळीच्या लाह्या. उलटीचं औषध द्यायचं असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून आणा. आणि एक झाकणाचा डबा, ओला रुमाल, कपड्यांचा जोड हे डिकीत न ठेवता पायाशी ठेवा.

घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सारखा ब्रेक दाबत उतरलात तर ब्रेक तापून ढिले पडतात.

तंबू लावताना

पोचल्याबरोबर आधी जागा पायाने तपासायची. तंबू जिथे लावायचा तिथे स्वतः आडवे पडा, खरोखर पाठ टेकवून. खडा, उतार, मुंग्यांचं वारूळ, सगळं पाठीला कळतं. थोडा उतार असेलच तर डोकं वरच्या बाजूला येईल असं बघा. वर मान करून वाळकी फांदी आणि आग्या मोहोळ नाही ना, हेही बघा. आग्या माशा धुराने चवताळतात, त्यामुळे ज्या झाडावर पोळं आहे त्याच्या जवळपास चूल नको.

मग ताडपत्री. ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवी किंवा कडा आत दुमडायला हव्यात. बाहेर आलेल्या कडेवर दव साठतं आणि सरळ तुमच्या अंथरुणाखाली येतं. त्यावर तंबू, खुंट्या. डिसेंबरातली मुरमाड जमीन दगडासारखी असते. तंबूबरोबर मिळणाऱ्या तारेच्या खुंट्या वाकतात, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडी घेऊन जा. खुंटी सरळ न ठोकता तिचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं ठेवून तिरकी ठोका, म्हणजे दोरीच्या ताणाने ती निघत नाही. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा. मुलं अडखळतात ती याच दोऱ्यांना.

खुंट्या धरायचं काम थोरलीकडे आणि मोजायचं धाकट्याकडे असतं. वेळ दुप्पट लागतो, म्हणून तर तीनला पोचायचं.

रात्रीची थंडी खालून येते

पहिल्या खेपेला आम्ही पाच पांघरुणं नेली होती आणि खाली एकच चादर. चूक तिथेच झाली. अंगाखाली दबलेल्या पांघरुणातली हवा निघून जाते आणि जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. आता आमचा क्रम असा: ताडपत्री, तंबूचा तळ, जाड फोमची चटई, तिच्यावर आजीने शिवलेली लुगड्यांची गोधडी. वर ब्लँकेट.

मुलं पांघरूण लाथाडतात, त्यामुळे ऊब कपड्यांतच हवी. झोपण्याआधी दिवसभराचे सगळे कपडे, बनियनसकट, बदला. घामाने दमट झालेला बनियन हाताला कोरडा वाटतो, पण पहाटे तोच गारठवतो. कोरडा बनियन, लांब बाह्यांचा सदरा, स्वेटर, पायमोजे, कानटोपी. डायपर असेल तर झोपण्याच्या अगदी आधी बदला, भरलेला डायपर थंड पडतो. शेक घ्यायच्या रबरी पिशवीत गरम पाणी भरून, ती टॉवेलात गुंडाळून अंथरुणात अर्धा तास ठेवा आणि मुलं आत शिरली की काढून घ्या.

तंबूच्या वरच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्याच ठेवा. सगळं बंद केलं तर चौघांच्या श्वासातली वाफ गार कापडावर पाणी होऊन पहाटे थेंबथेंब गळते. आणि हे कळकळीने सांगते: शेगडी, कोळशांची घमेली, पेटता कंदील यांतलं काहीही तंबूत आणू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागा होऊ देत नाही.

रात्री शू लागतेच. घट्ट झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा तंबूच्या पडवीत ठेवा. अंधारात, गारठ्यात शंभर पावलं चालत जाण्यापेक्षा हे सगळ्यांच्या सोयीचं.

खाणं

पहिल्या संध्याकाळी स्वयंपाक करू नका. घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात आणि लहान मूलसुद्धा नुसत्या खातं. दुसऱ्या दिवशी गावातल्या मावशींकडे तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं सांगा, मुलांचं कमी तिखट आधीच वेगळं काढायला सांगून. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. इथल्या भाताची आणि वालाची चव मुलांना जरूर दाखवा.

छोटी गॅसची शेगडी बरोबर असावी ती पाणी उकळायला आणि मऊभातासाठी. मेतकूट, तूप आणि मऊभात असला की कुठलंही थकलेलं मूल जेवतं. शेगडीसाठी आमच्याकडे एक युक्ती आहे. जाड सुतळीचं रिंगण शेगडीभोवती जमिनीवर टाकायचं, मोठ्या माणसाच्या दोन ढांगांएवढं. रिंगणात मुलांनी यायचं नाही, हाक मारली तरी नाही. रेघ डोळ्यांना दिसते म्हणून साडेतीन वर्षांच्यालाही नियम कळतो. नुसतं ‘जवळ येऊ नको’ म्हटलं तर जवळ म्हणजे किती, हे त्याला उमगत नाही.

पिण्याचं पाणी घरून वीस लिटरच्या कॅनमध्ये नेतो. खाण्याच्या पिशव्या रात्री गाडीत बंद करायच्या, तंबूत बिस्किटाचा चुराही नको. चुऱ्याला मुंग्या येतात, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

साप, विंचू आणि पाणी

सह्याद्रीत नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत. घाबरून जायचं कारण नाही, सवयी लावायच्या. तंबूची जाळी कायम बंद. रात्री बॅटरीशिवाय एकही पाऊल नाही. दगड, लाकडं हाताने उचलायची नाहीत. बूट तंबूत घ्यायचे आणि सकाळी उलटे आपटूनच घालायचे, कारण विंचवाला बुटातला अंधार आवडतो. लहान मुलाला विंचू चावला तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या प्राझोसिन या औषधावरच्या कामामुळे विंचूदंशावर आज परिणामकारक उपचार आहेत, पण ते वेळेत मिळायला हवेत.

साप चावला तर आवळून पट्टी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. मुलाला चालू न देता, चावलेला हात किंवा पाय फळी बांधल्यासारखा स्थिर ठेवून सरकारी दवाखान्याकडे निघायचं आणि वाटेत 108 ला फोन लावायचा. निघण्याआधीच राजूर आणि अकोले इथल्या सरकारी दवाखान्यांचे क्रमांक शोधून, फोन करून, कागदावर लिहून ठेवा. डोंगरात मोबाईलला सगळीकडे रेंज मिळत नाही, नकाशाही आधीच उतरवून घ्या.

मला मात्र सापापेक्षा पाण्याची भीती जास्त वाटते. हे धरणाचं पाणी आहे. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं आणि त्यामागे दरीच भरली आहे. काठाशी घोटाभर वाटणारं पाणी पुढच्या पावलाला एकदम खोल जातं आणि गाळात पाय रुततो. मुलं काठाशी असतील तेव्हा एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, मोबाईल खिशात. दोघांनी ‘तू बघतोयस ना’ म्हणत बघायचं नाही. पाळी मोठ्याने बोलून बदलायची: “आता माझ्याकडे.” “हो, तुझ्याकडे.” पोहायला कुणीच उतरायचं नाही.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असू द्या. चुकलं तर जवळच्या झाडाला धरून जागीच थांबायचं आणि शिट्टी वाजवत राहायचं. हे पोचल्यावर लगेच खेळ म्हणून दोनदा करून घ्या.

औषधांत तापाचं औषध (डोस वजनाप्रमाणे लिहिलेला), जलसंजीवनीची पाकिटं, जंतुनाशक, चिकटपट्टी, डासांचं मलम. पाकीट संपलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच.

दुसरा दिवस रिकामा ठेवा

इथे येणारी बहुतेक माणसं यादी घेऊन येतात: रंधा धबधबा, सांदण दरी, घाटघर, रतनगड, कळसूबाई. लहान मुलांबरोबर यातलं एकच निवडा. सांदण दरीत मोठमोठे दगड उतरावे लागतात आणि सुरुवातीलाच बराच काळ पाणी साचलेलं असतं. ती नको. कळसूबाई 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, वाटेत लोखंडी शिड्या. दहा वर्षांपुढे बघू.

आम्ही रतनवाडीला जातो. शेंडीहून रस्ता जलाशयाच्या काठाने जातो, सकाळी पाण्यावर धुकं असतं. गावातलं अमृतेश्वराचं हेमाडपंती मंदिर मुलांना बोटांनी बघता येतं. खांबावरचे कोरीव नक्षीपट्टे धाकटा हात फिरवत फिरवत मोजतो. जवळच पुष्करणी आहे, तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांत मूर्ती आहेत. कठडा नाही, तेव्हा हात धरून. मागे रतनगड उभा असतो, त्याच्या कुशीत प्रवरा उगम पावते. थोरलीला कालचं तळं आणि हा डोंगर यांचा संबंध तिथे उलगडला.

अकरापर्यंत परत या. पुढचा सगळा दिवस मुलांचा. चिखल, गोटे, वाळक्या काटक्या, मावशींची कोंबडी. दुपारची झोप घरच्याच वेळेला. रात्री जेवण उरकलं की बॅटऱ्या विझवून पूर्वेकडे बघायचं. डिसेंबरात आठच्या सुमारास मृगाच्या तीन चांदण्या एका ओळीत दिसतात, त्यांच्या रेषेत वर तांबूस रोहिणी, आणखी वर कृत्तिकांचा पुंजका, खाली थोड्या वेळाने उगवणारा लखलखीत व्याध. साडेतीन वर्षांच्या मुलाला तीन मोजता येतात. धाकट्याने दुसऱ्या खेपेला स्वतः मृग शोधला आणि मग झोपेपर्यंत तो हरवला नाही ना, हे तीनदा जाळीतून डोकावून पाहिलं.

निघताना

सकाळी तंबू दवाने चिंब असतो. वरचं कापड काढून दोरीवर टाका, नऊ-दहापर्यंत ऊन ते वाळवतं, तोवर नाश्ता आणि आवराआवर. खुंट्या मोजा. डायपर, रुमाल, वेष्टनं, सगळा कचरा दुहेरी पिशवीत बांधून परत शहरात आणा. गावात तो जिरवायची सोय नसते. जेवणाचे पैसे देताना घासाघीस करू नका.

दुपारचं जेवण संगमनेरला आणि अंधार पडायच्या आत घरी. पोचल्यावर सगळे दमलेले असतात, तरी तंबू पिशवीतून काढून गच्चीवर पसराच. शिवणीत राहिलेला ओलावा आठवड्यात बुरशी धरतो आणि तो वास पुढे कशानेही जात नाही. त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवा, काय कमी पडलं आणि काय उगाच नेलं. आमच्या वहीत शेवटच्या नोंदी आहेत: कपडे वाळवायची दोरी विसरलो, धाकट्याला पायमोज्यांचे दोन जोड कमी पडले, फोल्डिंग टेबल उघडलंच नाही.